न कापता आंबा ओळखणारा प्रकाश आणि तो शोधणारा वादक

मुंबई-गोवा महामार्गावर महाड सोडून पोलादपूरच्या दिशेने निघालात की एप्रिल-मे महिन्यात रस्त्याच्या कडेला आंब्याचे स्टॉल दिसतात. त्यातला एक आमचा. पोलादपूर तालुक्यात आमची हापूसची थोडी कलमं आहेत. आबा, म्हणजे माझे आजोबा, झेल्याने आंबे काढतात, आढीत पिकवतात आणि स्टॉलवर मांडतात. सुट्टीत मी त्यांच्या सोबत बसतो.

दोन वर्षांपूर्वी महाबळेश्वरला निघालेली एक गाडी थांबली. गाडीतल्या काकांनी आंबा हातात घेतला, वास घेतला, आणि हा कर्नाटकचा माल आहे म्हणून सरळ सांगून टाकलं. हापूस देवगडचा नाहीतर रत्नागिरीचा, पोलादपुरात कुठला हापूस, असं त्यांचं म्हणणं. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी सुरी काढली, पेटीतला सगळ्यात चांगला आंबा कापला आणि फोड पुढे केली. काकांनी खाल्ली, मान डोलावली, एक डझन घेतले. गाडी गेल्यावर आबा म्हणाले की एक पटवायला एक कापावा लागला, पण सगळी पेटी खरी आहे हे सिद्ध करायचं तर सगळी पेटी कापावी लागेल, मग विकू काय?

त्या रात्री मी फोनवर शोधायला बसलो, की न कापता आंब्याची जात ओळखता येते का. उत्तर शोधता शोधता मी पोहोचलो १८०० सालात, इंग्लंडमधल्या एका खिडकीपाशी. तिथे एक माणूस टेबलावर तीन थर्मामीटर मांडून बसला होता. त्याचं नाव विल्यम हर्शेल. आज फळ न फोडता आत बघणारी जी यंत्रं आहेत, त्यातली बरीचशी त्याच टेबलावरून सुरू होतात. म्हणून आज त्यांची गोष्ट.

आधी एक प्रयोग करा

घरातला टीव्हीचा रिमोट घ्या. पुढच्या टोकाला असलेल्या छोट्या दिव्याकडे बघत बटण दाबा. काहीच दिसणार नाही. आता फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोट त्याच्यासमोर धरा आणि पुन्हा बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनवर पांढरा-जांभळट दिवा लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात कदाचित दिसणार नाही, कारण तिथे हा प्रकाश अडवणारी काच जास्त कडक असते.

म्हणजे जो उजेड डोळ्याला नाही, तो फोनला दिसतो. या प्रकाशाला अवरक्त किंवा इन्फ्रारेड म्हणतात. तो आहे हे जगाला पहिल्यांदा हर्शेल यांनी दाखवलं, आणि तेव्हा कॅमेरा नावाची वस्तू खिशात सोडा, कुणाच्या घरातही नव्हती.

बँडवाल्याचा मुलगा

विल्यम हर्शेल यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. वडील लष्कराच्या बँडमध्ये ओबो वाजवायचे. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जवळचं वाद्य. घरात पैसा नव्हता, पण संगीत भरपूर होतं. विल्यमही लहान वयातच त्या बँडमध्ये लागले.

१७५७ मध्ये फ्रेंच सैन्याने हॅनोव्हर घेतलं. एकोणीस वर्षांचे विल्यम तिथून निघाले आणि इंग्लंडला पोहोचले. सुरुवातीला दुसऱ्यांच्या स्वरलिपी उतरवून देऊन पोट भरलं. मग शिकवण्या, मग वादन, आणि १७६६ मध्ये बाथ नावाच्या शहरात एका प्रार्थनागृहात ऑर्गनवादकाची चांगली नोकरी मिळाली. त्यांनी चोवीस सिंफनी लिहिल्या. आयुष्य इथेच थांबलं असतं तरी लोकांनी यशस्वी म्हटलं असतं.

पण संगीतातून ते गणिताकडे वळले, गणितातून भिंगं आणि आरशांकडे, आणि तिथून आकाशाकडे. हे सगळं दिवसभराची कामं उरकून, रात्री.

कॅरोलिन, आरसे आणि घोड्याची लीद

१७७२ मध्ये त्यांची धाकटी बहीण कॅरोलिन बाथला आली. लहानपणीच्या आजारपणामुळे तिची उंची सव्वाचार फुटांवरच थांबली होती. घरच्यांनी तिला घरकामालाच ठेवलं होतं. विल्यम यांनी तिला तिथून बाहेर काढलं, गाणं शिकवलं, मग गणितही.

पुढच्याच वर्षी दुर्बिणींचं वेड सुरू झालं. चांगली दुर्बीण विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून विल्यम यांनी स्वतःच आरसे बनवायचं ठरवलं. तेव्हाचे आरसे काचेचे नव्हते. तांबं आणि कथिल वितळवून ओतलेली थाळी, आणि ती हाताने घासून चकचकीत करायची. ओतायचा साचा घोड्याच्या लिदीचा. ती लीद कुटून चाळायचं काम कॅरोलिनकडे. घासणं मध्येच सोडलं तर आरसा बिघडायचा, म्हणून एकदा विल्यम सलग सोळा तास हात न उचलता घासत राहिले आणि कॅरोलिनने त्यांना घास भरवले. १७८१ मध्ये घराच्या तळघरात मोठा आरसा ओतताना वितळलेला धातू फरशीवर सांडला, दगड तडातड उडाले आणि सगळ्यांना पळावं लागलं.

इतका खटाटोप कशासाठी? कारण त्यांना बाजारातल्या दुर्बिणीतून जे दिसतं त्यावर भरवसा नव्हता. चांगलं बघायचं तर बघायचं साधन आपणच तपासून बनवलं पाहिजे, ही त्यांची सवय पुढे फार कामाला आली.

१३ मार्च १७८१ च्या रात्री त्याच घरच्या दुर्बिणीतून त्यांना एक तारा जरा जाडसर दिसला. आधी त्यांना तो धूमकेतू वाटला. महिने गेले, गणितं झाली, आणि लक्षात आलं की तो शनीच्याही पलीकडचा ग्रह आहे, म्हणजे युरेनस. माणसाने दुर्बिणीतून शोधलेला हा पहिला ग्रह. ऑर्गनवादक रातोरात प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी राजा तिसरा जॉर्ज याने त्यांना वर्षाला २०० पौंड देऊ केले आणि संगीताची नोकरी सुटली. १७८७ पासून कॅरोलिनलाही वर्षाला ५० पौंड मिळू लागले. तोवर तिने स्वतः एक धूमकेतू शोधलेला होता, आणि पुढे आणखी शोधले. विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळालेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

तीन थर्मामीटरांची गोष्ट

आता आपण आपल्या मुद्द्यावर येऊ. साल १८००. हर्शेल बासष्टीकडे झुकलेले, विंडसरजवळच्या स्लाव या गावी राहणारे. सूर्यावरचे डाग बघायचे तर दुर्बिणीला रंगीत काच लावावी लागते, नाहीतर डोळा जातो. वेगवेगळ्या काचा लावताना त्यांना एक विचित्र गोष्ट जाणवली. काही काचांतून उजेड कमी यायचा पण डोळ्याला चटका बसायचा. काहींतून उजेड भरपूर, पण उष्णता फारशी नाही.

दुसरा कुणी असता तर बरी काच निवडून पुढे गेला असता. हर्शेल यांनी विचारलं की प्रत्येक रंगात उष्णता वेगळी असते का?

मग त्यांनी खिडकीत लोलक बसवला. सूर्यप्रकाशाचा पट्टा टेबलावर पडला: जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा. थर्मामीटरचे फुगे काळे केले, म्हणजे उष्णता नीट शोषली जाईल. आणि आता नीट लक्ष द्या. एक थर्मामीटर रंगात ठेवला, पण दोन थर्मामीटर बाजूला, रंगाच्या बाहेर ठेवले.

ते दोन कशाला? कारण खोली आपोआपही तापते. ऊन वाढतं, माणसाच्या अंगाची ऊब असते. रंगातला थर्मामीटर चढला तर तो रंगामुळे चढला की खोलीमुळे, हे कळायला तुलना लागते. बाहेरचे दोन जेवढे चढतील तेवढं वजा करायचं. उरेल ते रंगाचं.

आकडे असे आले: जांभळ्यात साधारण २ अंश फॅरनहाइट वाढ, हिरव्यात सव्वातीन, तांबड्यात जवळजवळ ७. म्हणजे तांबड्याकडे जाताना उष्णता वाढतच होती. मग त्यांनी थर्मामीटर तांबड्याच्याही पुढे सरकवला, जिथे टेबलावर कुठलाच रंग नव्हता. तिथे पारा सगळ्यात जास्त चढला.

नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवला असता तर तिथे काहीच नव्हतं. पुढच्या महिन्यांत त्यांनी दाखवलं की हे न दिसणारे किरण आरशावरून परततात, लोलकातून वाकतात, अगदी उजेडासारखेच वागतात. इन्फ्रारेड हे नाव खूप नंतर पडलं.

चुकलं कुठे?

हर्शेल यांचं सगळंच बरोबर नव्हतं, आणि ते सांगायला हवं. सूर्याच्या झगमगत्या थराखाली थंड जमीन असेल आणि तिथे जीव राहत असतील, असं ते मानत. या प्रयोगांतही, उजेड सगळ्यात जास्त पिवळ्या-हिरव्यात आणि उष्णता तांबड्याच्या पुढे, हे बघून त्यांनी शेवटी निष्कर्ष काढला की प्रकाश आणि उष्णतेचे किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे कळलं की दोन्ही एकाच कुटुंबातले, फक्त तरंगलांबी वेगळी. निष्कर्ष चुकला, पण मोजमाप टिकलं.

त्यांच्या मुलाने, जॉन हर्शेल यांनी, १८४० मध्ये आणखी एक पायरी चढली. कागदाला काजळी लावली, तो अल्कोहोलमध्ये भिजवला आणि त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला. जिथे न दिसणारी उष्णता जास्त, तिथला भाग आधी वाळला आणि कागदावर आकृती उमटली. बापाने न दिसणारा प्रकाश मोजला, मुलाने त्याचं चित्र काढलं. आज आपण ज्याला थर्मल इमेजिंग म्हणतो त्याचा हा सुरुवातीचा नमुना.

आता हा प्रकाश आंब्यात काय करतो?

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्याच्या लगेच पुढचा पट्टा म्हणजे निअर इन्फ्रारेड. हा प्रकाश आंब्यावर टाकला की काही भाग सालीवरूनच परततो, पण काही भाग साल ओलांडून काही मिलिमीटर गरात शिरतो, तिथे भटकतो आणि पुन्हा बाहेर येतो.

आत भटकताना त्याला पाणी भेटतं, साखर, स्टार्च भेटतात. प्रत्येक रेणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळतो. पाणी ९७० नॅनोमीटरच्या आसपास गिळतं. सालीतलं हरितद्रव्य तांबड्या रंगात, ६८० च्या आसपास. बाहेर आलेल्या प्रकाशात कुठे किती तूट आली हे मोजलं की एक वाकडीतिकडी रेषा मिळते. ती त्या फळाची सही.

फोनचा कॅमेरा प्रत्येक ठिपक्यासाठी तीनच आकडे ठेवतो: लाल, हिरवा, निळा. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा प्रत्येक ठिपक्यासाठी शंभर-दोनशे आकडे ठेवतो, त्यात न दिसणारे पट्टेही असतात. म्हणजे एक फोटो नाही, फोटोंची चळतच. दोन आंबे डोळ्याला सारखेच पिवळे दिसतील, पण चळतीत ते वेगळे निघू शकतात. हेच तंत्र छोट्या हातातल्या यंत्रातही येतं. ते चित्र काढत नाही, फळाच्या एका जागेची रेषा तेवढी देतं. ऑस्ट्रेलियात आंबा बागायतदार असं यंत्र फळाला टेकवून आतला घनभाग मोजतात आणि काढणी कधी करायची ते ठरवतात.

हा प्रकाश फार खोल जात नाही हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे फणस कापा आहे की बरका, हे बाहेरून बघून सांगणं जड जातं. जाड काटेरी सालीपुढे निअर इन्फ्रारेडचंही फारसं चालत नाही. खोल बघायला एक्स-रे लागतो. हापूसमधला साका आठवा: बाहेरून देखणा आंबा, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा गर. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवलं की साका न कापता एक्स-रे चित्रात ओळखता येतो, कारण बिघडलेला गर निरोगी गरापेक्षा वेगळा दिसतो.

यंत्राला कोण शिकवतं?

यंत्राला हापूस म्हणजे काय हे जन्मतः माहीत नसतं. त्याला आधी ओळखीचे आंबे दाखवावे लागतात: हा हापूस, हा पायरी, हा केशर, हा तोतापुरी. शेकडो फळांच्या रेषा गोळा करायच्या, आणि गोडी वगैरे पडताळायची तर ती फळं शेवटी कापायचीच. न कापणारं यंत्र बनवायलाही आधी खूप आंबे कापावे लागतात! मग कॉम्प्युटर त्या रेषांतला फरक शिकतो आणि नवीन आंबा कुठल्या गटाशी जुळतो ते सांगतो.

वेगवेगळ्या जाती ओळखणं यातलं सोपं काम. अवघड आहे ते गाव ओळखणं. कर्नाटकातून येणारा हापूस बऱ्याचदा हापूसचाच असतो, फक्त तिथल्या मातीतला. जात एकच, फरक माती-हवेचा आणि पिकण्याचा. रेषा अगदी जवळजवळ येतात. त्यात पाऊस लवकर आला, आंबा दोन दिवस जास्त पिकला, तरी रेषा सरकते. गेल्या वर्षीच्या फळांवर शिकलेलं यंत्र यंदा चुकू शकतं.

आता आमच्या स्टॉलवर परत या. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर यांच्यासोबत रायगड जिल्हाही आहे. म्हणजे महाड-पोलादपूरचा हापूसही कायद्याने हापूसच. पण समजा उद्या कुणी हापूस ओळखणारं यंत्र किंवा ॲप बनवलं आणि त्याला शिकवायला फक्त देवगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे आंबे वापरले. आमची कलमं सह्याद्रीच्या पायथ्याला, समुद्रापासून आत. आमच्या आंब्याची रेषा थोडी इकडेतिकडे असली, तर यंत्र तो बाहेरचा ठरवून मोकळं होईल. गाडीतल्या काकांशी निदान बोलता तरी येतं, फोड पुढे करता येते. स्क्रीनवर आलेल्या लाल फुलीशी आबा काय बोलणार?

इथे मला हर्शेल यांचे ते बाजूचे दोन थर्मामीटर आठवतात. त्यांच्या शोधाचं श्रेय सगळे तांबड्याच्या पुढे ठेवलेल्या थर्मामीटरला देतात. पण बाजूचे दोन नसते तर त्या पाऱ्याला काही अर्थच नव्हता. तुम्ही कशाशी तुलना करताय, हे मोजण्याइतकंच महत्त्वाचं.

म्हणून असं काही ॲप किंवा यंत्र समोर आलं तर तीन प्रश्न विचारा:

१. याला कुठल्या कुठल्या तालुक्यांतली फळं दाखवून शिकवलंय?
२. किती हंगामांची फळं होती, एका की अनेक?
३. खऱ्या फळाला खोटं ठरवण्याची चूक हे शंभरात किती वेळा करतं?

उत्तर मिळालं नाही तर ती हिरवी किंवा लाल खूण म्हणजे नुसता अंदाज समजा. आणि नुसत्या फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोवरून कुणी आंब्याचं गाव सांगत असेल तर ते तीन रंगांवर बोलतंय हे विसरू नका. तिथे अवरक्त प्रकाश आधीच काचेने अडवलेला असतो.

शेवटची वर्षं

विल्यम हर्शेल २५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लावमध्ये वारले, वय ८३. कॅरोलिन त्यानंतर पंचवीस वर्षांहून जास्त जगली आणि भावाच्या कामाची यादी लावत राहिली. ज्या प्रकाशाने आज रिमोट चालतो आणि काही फोन चेहरा ओळखतात, तो त्यांनी तापमानाच्या चार आकड्यांतून शोधला, आणि आंब्यासाठी तर नक्कीच नाही.

आबांना मी ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांना तीन थर्मामीटरचा भाग पटला. या हंगामात मी आमच्या कलमांची नोंद ठेवायला लागलोय: कुठलं कलम, मोहर कधी, काढणी कधी, आढीत किती दिवस. उद्या कुणी यंत्राला शिकवायला आंबे गोळा करत आलं, तर पोलादपूरची पेटी नोंदीसकट तयार असेल. तोवर आबा रोज सकाळी एक आंबा कापतात आणि फोडी ताटात मांडून ठेवतात.